हवेची हळद

मसाल्याच्या डब्याचं झाकण खाली पडलं. आधी ठण्णकन आवाज झाला, मग ते फरशीवर आपल्याच तोऱ्यात गोल गोल फिरत राहिलं आणि शेवटी थरथरत आडवं झालं. चैताची दुपार. पत्र्याच्या त्या ओळीतल्या पाचही खोल्यांची दारं लोटलेली, नळावर चिटपाखरू नाही. सिंधूचा नुकता कुठं डोळा लागला होता.

"ऋतु, काय पाडलंस गं?"

पोर गप्प असली की आईनं उठून बघावं, एवढं शहाणपण पाच वर्षांत सिंधूला आलं होतं. पदर सावरत ती ओट्याकडं गेली.

ऋतुजा ओट्याखाली मांडी घालून बसली होती. समोर तिची कापडी बाहुली, भिंतीला टेकवलेली. पोरीनं डब्यातली हळद मुठीत घेतली होती आणि रसवंतीवरून आणलेली प्लॅस्टिकची नळी तोंडात धरून ती बाहुलीच्या तोंडावर हळद फुंकत होती. फुर्र. फुर्र. बाहुलीचा एक डोळा पिवळा होऊन पार बुजून गेला होता.

"आन् जवळून, आन् जवळून," पोर जाड आवाज काढून म्हणाली. "लाजतंय बघा नवरदेव!" आणि हसली.

ते हसणं पोरीचं नव्हतं. पोटातून ओढून काढलेलं, ढेकर दिल्यासारखं, चार पुरुष घोळक्यात हसतात तसं ते होतं. मग तिनं बाहुलीच्या वतीनं बारीक आवाज काढला, "थांबा ना दादा, अहो डोळा, डोळा..." आणि पुन्हा तेच हसणं.

"हे काय खेळायलीस?"

"मन्मथकाकाची हळद."

"कुणी शिकवलं?"

"बाबाच्या मोबाईलमधी हाय की. सकाळी तू भाकरी करायली होतीस तवा बघितलं."

मन्मथ म्हणजे ओळीतल्या शेवटच्या खोलीतला पोरगा. देगलूरकडचा. सिंधूचा नवरा दयानंद ज्या ट्रॉल्यांच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होता, तिथंच हा पेंटर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मोर काढावा तर मन्मथनं, अक्षर काढावं तर मन्मथनं. दोन वर्षं त्याचा दुपारचा डबा सिंधूच्या हातचा. रोज सकाळी दारावरून जाताना तो कालच्या डब्याची खबर देऊन जायचा. "वैनी, काल चटणीत लसूण लई पडला, पण पडू द्या!" आता त्याचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. मुखेडची पोरगी, तारामती नाव. परवा, बुधवारी संध्याकाळी, दयानंद आणि आणखी एकानं मन्मथला दोन्ही दंडांना धरून खोलीवर आणलं तेव्हा त्याचा अर्धा चेहरा पट्टीखाली होता. पाय घसरून लोखंडी अँगलवर पडला, असं दयानंद म्हणाला. डॉक्टरला दाखवलं, थेंब दिलेत, उतरंल सूज. काल त्याची आई दानम्मा गावाहून धावत आली होती. सिंधूनं दोन्ही दिवस वरणभात नेऊन दिला होता आणि 'अँगल मेला उघडा ठेवतातच कशाला' म्हणून चार शिव्याही घातल्या होत्या. अँगलला.

दयानंद बाहेरच्या खोलीत बाजेवर पालथा झोपला होता. शुक्रवारी एमआयडीसीतली लाईट बंद असते, म्हणून वर्कशॉपला सुट्टी. मोबाईल उशाशी. सिंधूनं तो उचलून आत आणला. कुलूप ऋतुजानंच उघडून दिलं, काचेवर बोटानं वेडीवाकडी रेघ ओढून. मग तिला बाहुली धुवायला न्हाणीत पाठवून सिंधूनं आवाज अगदी बारीक केला.

सव्वा मिनिटाचा व्हिडिओ. आधी नुसतंच पिवळं दिसलं. मग मन्मथ. रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसवलेला, गळ्यात नटबोल्टांची माळ, कपाळाला पुठ्ठ्याचं बाशिंग. बाशिंगावर बारीक वेलबुट्टी होती. ती त्यानं स्वतःच हौसेनं काढली असणार. त्याच्या मागं भिंतीवर निळा बोर्ड आणि त्यावर गोलगरगरीत पांढरी अक्षरं: हवा अंगावर मारू नये. चष्मा घालूनच काम करावे. तेही अक्षर मन्मथचंच. गेल्या साली तपासणीला साहेब येणार म्हणून मालकानं एका दिवसात तो बोर्ड लिहून घेतला. साहेब येऊन गेल्यावर चष्मे कपाटात गेले, वरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढता. "माझं सगळ्यात चांगलं अक्षर त्या बोर्डाचं आलंय वैनी," मन्मथ म्हणाला होता. "वाचत कुणीच न्हाई, पण बघत्यात."

दयानंदच्या हातात हवेची गन होती. तिच्यानं ट्रॉलीवरचा लोखंडाचा चुरा उडवतात, रंग मारायच्या आधी पत्रा साफ करतात. संध्याकाळी सुट्टी झाली की सगळे जण ओळीनं उभे राहून तीच गन अंगावर मारून घेतात, अंघोळ केल्यासारखी. शर्ट फडफडतो, केस उडतात, धूळ निघते आणि माणूस नीटनेटका घरी जातो. दयानंद कामावरून इतका झटकलेला येतो याचं सिंधूला आजवर कौतुकच होतं.

कुणीतरी परात पुढं धरली. परातीत हळदीची पुडी उघडून ठेवलेली. कागद ऋतुजाच्या वहीचा, त्यावर 'कमळ कमळ कमळ' अशी ओळ. सिंधूनं व्हिडिओ थांबवून पुन्हा बघितलं. पुडी तिचीच होती. बुधवारी सकाळी दयानंद म्हणाला होता, मन्याला आज हळद लावायची, जरा चांगली दे. तिनं माहेरची काढली. तिचं माहेर अर्धापूरच्या अंगाला. हळद घरच्या रानातली, आईनं उकडून वाळवून दळलेली. तिनं ती फडक्यातून पुन्हा चाळली, दोन अक्षता घातल्या आणि त्या पोराचं भलं चिंतून पुडी बांधली.

दयानंदनं मूठभर हळद नोझलपुढं धरली आणि खटका दाबला. छातीवर पिवळा झोत बसला. सगळे ओरडले. मन्मथही हसत होता, हात आडवे धरून, मान वळवून. कुणीतरी मागून त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. "आन् जवळून, आन् जवळून!" नोझल चार बोटांवर आलं, मग दोन बोटांवर. "थांबा ना दादा, अहो डोळा..."

पुढचा आवाज सिंधूला ओळखता आला नाही. जनावराचा असावा असा होता. मन्मथ डोळा दाबून वाकला. हात काढला तेव्हा डोळ्याची जागा उरली नव्हती. पापणी, गाल, कपाळाची एक बाजू, सगळं बघता बघता वर आलं.

"अरे, पुरी फुगली, पुरी!" कुणीतरी ओरडलं.

आणि ते हसले. सगळे हसले. दयानंद पोट धरून हसत होता. त्याच्या हातातली गन अजून सुरूच होती, फरशीवरची धूळ उडवत. मग तो पुढं झाला आणि एका बोटानं ती सूज दाबून बघितली. "अय, पापड वाजल्यागत वाजायलंय बघ!" पुन्हा हसणं. व्हिडिओ तिथंच संपला.

सिंधू कशीबशी न्हाणीपर्यंत पोचली. ऋतुजाला बाजूला सारून भडाभडा ओकली. तोंडात हळदीची चव होती. हळद तिनं खाल्ली नव्हती, तरी होती. बाहुलीचं पिवळं पाणी तिच्या पायाशी वाहत होतं.

"आई, दुखायलंय का?"

"न्हाई गं बाई. तू बाहेर बस."

ती बाजेपाशी जाऊन उभी राहिली. दयानंदचा एक हात खाली लोंबत होता. नखांच्या कडा पिवळ्या. दोन दिवस तो त्याच हातानं जेवत होता, त्याच हातानं पोरीची वेणी सोडत होता. काल रात्री पाठीवर पडलेला हातही हाच. सिंधूच्या अंगावर शहारा आला, पाल पडावी तसा.

"उठा."

"काय झालं?"

"उठा म्हणते ना."

तिनं मोबाईल त्याच्यापुढं धरला. त्यानं बघितलं आणि झोप उतरलेल्या तोंडानं दाराकडं नजर टाकली.

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"मी अजून बोललेच न्हाई."

"अगं, मस्करी होती ती. वर्कशॉपात सगळ्यांची हळद हवेनंच लागती. वस्तादनं माझी लावली, मी ह्याची लावली. रिवाजच हाय तसा. आजपर्यंत कुणाला काय झालं न्हाई."

"कुणाला न्हाई?"

लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा दयानंदचे डोळे तिला लालभडक दिसले होते. पाण्यानं भरलेले. आपल्याला बघून ह्या आडदांड माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं, असं तिनं त्या दिवशी मनाशी धरलं आणि सात वर्षं ते सांभाळून ठेवलं होतं, लुगड्याच्या घडीत सुगंधी वाळा ठेवावा तसं. मैत्रिणींना सांगितलं होतं. आईला सांगितलं होतं.

"आपल्या लग्नात तुमचे डोळे लाल होते," ती म्हणाली.

"हाव की. चार दिवस चिरचिर करायले होते." तो जरासा हसला. "वस्तादनं लईच जवळून मारली होती."

त्या हसण्यात व्हिडिओतलंच हसणं होतं. तिनं तोंडावर पदर धरला.

"डॉक्टरला खरं काऊन सांगितलं न्हाई?"

"कसं सांगावं? मोठ्या दवाखान्यात नेलं की पोलीस विचारतेत. मालक म्हणला, दया, पाईप तुझ्या हातात होता, तू आत जाशील. वर्कशॉपला टाळं लागंल, वीस माणसं घरी बसतील. मग बाजारातल्या डॉक्टरकडं नेलं, पडला म्हणून सांगितलं. मन्या सोता म्हणला, दादा, पडलो म्हणूनच सांगू. इचार जा त्याला."

"आन् त्या डोळ्यात काय काय गेलंय ते?"

"हळदच की. हळदीनं काय होतंय?"

हळदच की. गेल्या दसऱ्याला, खंडेनवमीच्या पूजेला, सगळ्यांच्या घरचे वर्कशॉपमध्ये गेले होते. कम्प्रेसरला झेंडूची माळ, गनला हळदकुंकू, नारळ. पूजेआधी वस्तादनं कम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून साठलेलं पाणी सोडलं होतं. ताकात काजळ कालवल्यासारखं ते पाणी, वर तेलाचा तवंग, आणि असा कुबट वास की बायकांनी नाकाला पदर लावले. "रोज सोडावं लागतंय, न्हाईतर हेच पाईपातून पुढं जातंय," वस्ताद म्हणाला होता. रोज कोण सोडतं? ते पाणी, तो गंज, पत्र्याचा चुरा आणि तिच्या आईच्या रानातली हळद, सगळं एका झोतात त्या पोराच्या डोळ्यात गेलं होतं आणि दोन दिवस आत कुजत होतं.

"उठा, आन् आटो आणा," सिंधू म्हणाली.

"डोस्कं फिरलंय का तुझं?"

ती त्याच्याकडं न बघता चपला अडकवून शेवटच्या खोलीकडं गेली.

दारातच वास आला. आंबूस, दवाखान्याच्या थेंबांचा आणि त्याखाली दुसराच एक. दानम्मा पोराच्या उशाशी बसून पुठ्ठ्यानं माशा वारत होती. पट्टी सैल होऊन गालावर उतरली होती आणि तिच्या कडेनं पिवळं, चिकट काही तरी ओघळून वाळलं होतं. सूज मानेपर्यंत आली होती. एका बाजूनं मन्मथ होता, दुसऱ्या बाजूनं फुगवून ठेवलेली कातडी.

"ये अव्वा," दानम्मा देगलूरकडच्या कानडी वळणानं म्हणाली. "ताप काही उतरंना बघ. आन् हे बघ," तिनं दोन बोटं हलकेच त्याच्या मानेवर ठेवली, "कातडीखाली काय तरी करकरतंय. भाजलेल्या मुरमुऱ्यावानी. अँगल लागल्यावर असं होतंय का गं?"

सिंधूनं हात लावला. बोटाखाली खरंच करकर झालं. तिनं हात मागं घेतला आणि नकळत पदराला पुसला, आणि पुसल्याची तिला लाज वाटली.

मन्मथनं उघडा डोळा तिच्याकडं वळवला. तिच्या तोंडावरूनच त्याला कळलं असावं. आई पाण्याचा तांब्या भरायला वळली तेव्हा तो पुटपुटला, "वैनी, सांगू नका कुणाला. दादाचं नाव येईल. आन् मुखेडवाल्यांना कळलं की डोळ्याचं असं झालंय, तर..."

"दिसतंय का त्या डोळ्यानं?"

त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं.

दानम्मानं तांब्या ठेवला. तिच्या हातात फडकं होतं, पोराचं कपाळ पुसलेलं. त्यावर पिवळा डाग.

"कुणीतरी शहाण्यानं लगेच हळद लावली म्हणून बरं," ती म्हणाली. "अजून निघायली बघ कानामागून. हळदीनं जखम भरती. अव्वा, तुझ्याकडं माहेरची हळद हाय म्हणं ना? मन्या सांगायचा. एवढी चिमूट दे मला. तेलात कालवून लेप देते."

त्या म्हातारीचा हात पुढं होता, तळवा वर करून, हळदीसाठी.

"हळद नको, मावशी," ती म्हणाली. "उठा. त्याला कपडे घाला. मोठ्या दवाखान्यात जायचंय. आत्ता."

बाहेर आली तर दयानंद शर्टाच्या गुंड्या लावत उभा होता. आटो त्यानंच थांबवला होता. आणला तो मन्मथसाठी की तिला मध्येच अडवायला, हे तिला कळलं नाही आणि विचारावंसंही वाटलं नाही. घरी कुणी नाही म्हणून ऋतुजाला बरोबर घेतलं. दारातून निघता निघता, सवयीनं, सिंधूनं दानम्मासाठी डबा भरून घेतला. आटोत दयानंद पुढं बसला होता. खड्डा आला की मन्मथ कण्हायचा आणि दयानंदची मान आत जायची.

दवाखान्यात गर्दी होती. डोळ्यांची डॉक्टर बाई तरुण होती, आवाजावरून लातूरकडची वाटली. तिनं पट्टी काढली, बॅटरी मारली आणि तिच्या तोंडाला मास्क असूनही तिनं श्वास धरलेला सिंधूला दिसला.

"कशानं झालं हे?"

"अँगलवर पडला, मॅडम," दयानंद पाठ केल्यासारखं म्हणाला.

डॉक्टरनं हातमोज्याची दोन बोटं मानेवर दाबली. करकर. पुन्हा दाबली.

"ही हवा आहे. नुसतं पडल्यावर कातडीखाली एवढी हवा जात नाही. मला खरं सांगा, नाहीतर मी आत काय शोधू? काय गेलंय ते कळलं तर काढता येईल."

मन्मथचा एक डोळा सिंधूवर खिळला होता. नको, नको, म्हणत होता. दयानंदही तिच्याकडंच बघत होता. दोघांनाही ती तेवढीच हवी होती, गप्प. आणि तिच्या शेजारी दानम्मा, हातात ते पिवळं फडकं.

"हवेच्या गननं झालंय," सिंधू म्हणाली. "वर्कशॉपातल्या. हळद लावायची म्हणून तोंडावर मारली. गन ह्यांच्या हातात होती. हळद माझ्या घरची होती."

डॉक्टर दयानंदकडं वळली.

"कधी?"

"बुधवारी."

"प्रेशर किती असतं?"

"सात... आठ किलो."

"मोटारीच्या टायरला किती भरता?"

"दोन," दयानंद म्हणाला. "सव्वादोन."

"किती लांबून मारली?"

त्यानं चार बोटं आडवी धरली. मग सिंधूकडं बघून दोन बोटं दुमडली.

"फिल्टर आहे का लाईनला? तेल-पाणी येतं का हवेतून? लोखंड कापता तिथंच?" ती एकेक विचारत गेली आणि तो प्रत्येकाला मान हलवत गेला. ती भराभरा लिहीत होती. मग पेन थांबलं. "बुधवारीच आणला असता तर..." ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. "आत्ता आत घेते. सगळं धुऊन, साफ करून काढावं लागेल. डोळा वाचवायचा प्रयत्न करू. नजरेचं आज मला विचारू नका. आणि जे झालं तेच मी कागदावर लिहिणार. पोलीस येतील. कुणी जायचं नाही."

मन्मथला आत नेलं. दार झुलत झुलत बंद झालं.

बाकड्यावर दयानंद दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसला. मग म्हणाला, "तू माझी बायको हायेस का कोण हायेस?"

त्याच्या नखांकडं बघवेना म्हणून ती भिंतीकडं बघत राहिली.

"मला वाटलं हवा हाय, उतरंल," तो स्वतःशीच म्हणाला. "फुग्यातली उतरती तशी. खरंच वाटलं गं." आणि त्याचा आवाज फुटला. कधी नव्हे ते तो तिच्यापुढं रडला. सात वर्षं तिनं ज्या रडण्याची आठवण जपली ते झालंच नव्हतं, आणि हे खरंखुरं समोर होतं तर तिला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला नाही. किळस अजून जागची हलली नव्हती.

दानम्मा समोरच्या बाकड्यावर होती. तिनं आरडाओरडा केला नाही. शिव्याशाप दिले नाहीत. फक्त एकदा विचारलं, "दोन दिवस तुला ठाऊक होतं का अव्वा?"

"न्हाई मावशी. आज दुपारी कळलं. पोरीमुळं."

दानम्मानं मान हलवली. पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. जरा वेळानं ती उठली, शेजारी ठेवलेला सिंधूचा डबा उचलला, तो आणून सिंधूच्या पायाशी ठेवला आणि परत आपल्या जागी जाऊन बसली. डबा उघडलाही नव्हता.

ऊन कलायला लागलं तसा एक हवालदार आला. दयानंद त्याच्याबरोबर कोपऱ्यातल्या टेबलाशी गेला. जाताना त्यानं वळून बघितलं. ऋतुजानं बाबाला हात केला.

पोरीला भूक लागली होती. सिंधू तिला घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर आली आणि तोच डबा उघडून तिला घास भरवू लागली. वरणाला हळदीचा वास येत होता. आंघोळ करावी, गरम पाण्यानं, दगडानं अंग घासून, असं तिला फार वाटत होतं, आणि त्यानंही काही जाणार नाही हे कळत होतं. मोठ्या भावाला फोन लावावा म्हणून तिनं आपला मोबाईल काढला. काच उजळली.

काचेवर नेहमीचाच फोटो होता. दसऱ्याचा. झेंडूची माळ घातलेला कम्प्रेसर, बाजूला दयानंद, हातात हवेची गन, आणि समोर नव्या परकरातली ऋतुजा. तिचे केस सगळे हवेनं ताठ उभे राहिलेले, डोळे गच्च मिटलेले, मुठी आवळलेल्या. किती गोड आलाय म्हणून सिंधूनं तो फोटो माहेरी, सासरी, सगळीकडं पाठवला होता. काढला होता तिनंच. हसता हसता हात हलला म्हणून दोनदा काढावा लागला होता, आणि दुसऱ्यांदा तिनंच दयानंदला म्हटलं होतं, पुन्हा मारा ना एकदा.

घास हातात तसाच राहिला. रोज पन्नास वेळा ती तो फोटो बघत होती. पोरीचे मिटलेले डोळे आज पहिल्यांदाच दिसले.

ऋतुजानं डोकं मध्ये घालून काचेवर बोट ठेवलं.

"ही मी."

"हाव."

"तवा मला लई भ्याव वाटलं होतं." पोर तोंडातला घास चावत, आठवून आठवून म्हणाली. मग तिनं मान वर करून आईच्या तोंडाकडं बघितलं.

"आई, तू काऊन हसायली होतीस?"